भुकेचा कौल

कुडाळ शहराला लागून, महामार्गाच्या आसपास वाडीवाडीने पसरलेले पिंगुळी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या ठाकर कलावंतांच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. पिढ्यान्पिढ्यांची ती परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीचा बहुमान मिळाला, तेव्हा या गावाचे नाव पुन्हा एकदा सर्वतोमुखी झाले. परंतु त्या कीर्तीशी सुतराम संबंध नसलेला एक प्रसंग या गावच्या कोणत्याही वाडीत दिवेलागणीच्या सुमारास पाहावयास मिळतो. दीड-दोन वर्षांचे एखादे मूल पडवीतून खळ्यात, खळ्यातून कोंबड्यांच्या खुराड्याकडे आणि तेथून रस्त्याच्या दिशेने दुडदुडत निघालेले असते, आणि त्याच्या मागोमाग हातात ताटली घेतलेली आई किंवा आजी, कधी चिऊचा घास, कधी काऊचा घास, कधी रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीचा घास असे म्हणत चाललेली असते. ‘खा रे झिला, ह्यो एकच,’ हे तिचे वचन शेवटच्या घासापर्यंत कायम असते, आणि शेवटचा घास मात्र काही केल्या येत नाही. भात निवून जातो, कढीवर साय धरते, मुलाच्या गालात मघाचाच घास तसाच साठून राहिलेला असतो, आणि अर्धा-पाऊण तास असा खर्ची पडल्यावर दोघेही रडकुंडीला येतात.

हा प्रसंग पिंगुळीचा म्हणून सांगितला, तरी तो दादरच्या चाळीत, पुण्याच्या सदनिकेत आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात तितकाच नित्याचा आहे. ‘आमचा चेडू काय एक खाणा नाय,’ ही कैफियत अंगणवाडीसेविकेपासून बालरोगतज्ज्ञापर्यंत सर्वांच्या कानांवर रोज पडत असते. तेव्हा लहान मुलाला जेवताना अधिक खाण्याची सक्ती करावी की करू नये, हा प्रश्न किरकोळ समजून बाजूला सारण्याजोगा नाही. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: सक्ती करू नये, मात्र सक्ती न करणे म्हणजे मुलापुढे ताटली ठेवून आपल्या कामाला निघून जाणे नव्हे, आणि या दोहोंच्या मध्ये जी वाट आहे ती सक्तीपेक्षा अधिक कष्टाची आहे.

सक्ती करणाऱ्या आजीला दोष देण्यापूर्वी तिच्या मनातील भयाचा उगम जाणून घेतला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी सुमारे दोनशे अर्भके पहिला वाढदिवस पाहत नसत. त्या काळात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे दक्षिण कोकणातील घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत असे. मनिऑर्डरीवर आणि पावसाच्या भातावर संसार चाले, आणि गावी राहिलेल्या स्त्रीवर घर, शेत, गुरे आणि मुले या साऱ्यांचा कारभार येऊन पडे. वर्षाकाठी गणपतीला किंवा शिमग्याला घरधनी आला की त्याने प्रथम पाहावयाचे ते मुलाचे अंग. मूल धष्टपुष्ट असले की कारभार चोख, आणि हडकले असले की जाब त्या स्त्रीला. मूल एक-दोन दिवस जेवेनासे झाले की कोणाची तरी दिष्ट लागली असे समजून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या जात, त्या काही केवळ अज्ञानापोटी नव्हेत. ज्या घरात आदल्या साली एक मूल गेले, तेथे दुसऱ्याने अन्नावरून तोंड फिरवणे ही काळजाचा ठोका चुकवणारी घटना होती. त्यातच पंगतीत आग्रह करकरून वाढणे हे आपल्याकडे सौजन्याचे लक्षण, आणि पानात काही टाकणे हा अन्नाचा अपमान. मायेची आणि भयाची ही सारी शिदोरी आजच्या आजीच्या हातातील घासात उतरलेली आहे. तिचा हेतू निर्मळ आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

परंतु हेतू निर्मळ असला तरी हिशेब चुकू शकतो, आणि येथे तो पहिल्याच पायरीवर चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली वाढीची जी प्रमाणके प्रसिद्ध केली, त्यांतील मुलग्यांचे मध्यम वजन पाहावे: जन्मतः ३.३ किलो, वर्षाअखेर ९.६ किलो, दोन वर्षांचा होता होता १२.२ किलो आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी १४.३ किलो. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंहून अधिक भर पडते, दुसऱ्यात अडीच किलोंच्या आसपास आणि तिसऱ्यात जेमतेम दोन. आषाढात दुथडी भरून वाहणारा व्हाळ भाद्रपदात संथ झाला म्हणून कोणी त्याची चिंता करीत नाही. वाढीचा हा ओघही तसाच पहिल्या वर्षानंतर ओसरतो, आणि त्याच्याबरोबर भूकही ओसरते. नऊ महिन्यांचे असताना वाटीभर आटवल आनंदाने संपवणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर चार घासांत तोंड फिरवू लागते, ते बिघडले म्हणून नव्हे. मूल मोठे झाले म्हणजे त्याचा आहारही त्याच मानाने वाढत जाणार, असे आपण गृहीत धरून चाललेलो असतो, आणि वर्षभराचे मूल नेमक्या त्याच वेळी चालू लागलेले, बोलू लागलेले, जग पाहण्याच्या घाईत असलेले असते. बसून जेवण्यापेक्षा खळ्यातील मुंग्यांची रांग त्याला अधिक मोलाची वाटते.

दुसरी चूक एका जेवणावरून निवाडा करण्याची. अमेरिकेतील लीन बर्च या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या खाण्याची मोजदाद प्रसिद्ध केली. तीत असे आढळले की एकेका मुलाच्या वेगवेगळ्या जेवणांत सुमारे एक-तृतीयांशाचा चढउतार असतो, परंतु चोवीस तासांची बेरीज घेतली तर हा चढउतार एक-दशांशावर येतो. दुपारी ज्याने फारसे काही खाल्ले नाही ते मूल संध्याकाळी भरून काढते, आणि सकाळी घावन्यांवर ताव मारलेले मूल दुपारी माशाच्या कढीकडे पाहतही नाही. हा जमाखर्च मूल स्वतःच सांभाळत असते. रात्रीच्या एका ताटलीवरून त्याची तपासणी करू पाहणाऱ्या आईला मात्र त्यात केवळ तूटच दिसते.

मुलाच्या या अंगभूत जाणिवेची सर्वांत धाडसी परीक्षा क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ स्त्रीने घेतली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या आणि १९३९ साली सविस्तर मांडलेल्या तिच्या प्रयोगात पंधरा मुले होती, बहुतेक नुकतीच अंगावरून सुटलेली, त्यापूर्वी वरचे अन्न न चाखलेली. त्यांच्यापुढे जेवणाच्या वेळी निरनिराळ्या भांड्यांतून साधे, ताजे पदार्थ मांडून ठेवले जात. एकूण यादी चौतीस पदार्थांची होती आणि तीत धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस यांचा समावेश होता. परिचारिकेला सक्त ताकीद अशी की तिने काहीही सुचवावयाचे नाही, काहीही पुढे करावयाचे नाही. मुलाने एखाद्या भांड्याकडे हात नेला किंवा बोट दाखवले तरच त्यातला चमचाभर घास त्याच्या तोंडाशी न्यावयाचा, आणि मुलाने तोंड उघडले तरच तो द्यावयाचा. मुलांनी निवडलेले बेत मोठ्या माणसाला चक्रावून टाकतील असे होते. संत्र्याच्या रसाबरोबर कलेजी ही एखाद्याची न्याहारी असे. एकाला मुडदूस झालेला होता. त्याच्या ताटात माशाच्या यकृताचे तेल ठेवलेले असे, ते त्याने आपल्या मर्जीने घेतले आणि हाडे सुधारल्यावर आपल्याच मर्जीने सोडून दिले. दोन मुलांचे बेत कधी एकसारखे नव्हते, परंतु सारी मुले उत्तम वाढली.

या प्रयोगाचा दाखला देऊन ‘मुलाला हवे ते खाऊ द्यावे’ असे म्हणणाऱ्यांनी त्यातील एक गोष्ट नजरेआड केलेली असते, आणि डेव्हिसबाईंनी ती स्वतःच स्पष्ट बजावून ठेवली होती. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद असे काहीही नव्हते. किती खावे आणि त्यातले काय खावे याची मुखत्यारी मुलाला होती, परंतु यादी करण्याचा अधिकार मोठ्यांनी आपल्याकडे राखून ठेवला होता. त्याच यादीत बिस्किटांचा पुडा आणि कुरकुरे घातले असते, तर निष्कर्ष खचितच निराळे निघाले असते. पुढे १९८० च्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ स्त्रीने हीच विभागणी नेमक्या शब्दांत मांडली: काय द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे आणि कोठे बसून खावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे, खावयाचे की नाही आणि किती, हे मुलाने. या वाटणीत मोठ्यांचा हिस्सा लहान नाही. आपण मात्र बहुधा तिची उलटापालट करून बसतो. काय खायचे ते मूल रडून ठरवते आणि किती खायचे ते आपण दटावून ठरवतो.

सक्तीने पोटात चार घास अधिक जातात का? त्या दिवशी कदाचित जातही असतील. परंतु २००६ साली पेनसिल्व्हेनियात लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्या सूपाच्या वेळी ‘संपव बघू’ असा लकडा लावला जात होता त्यापेक्षा, कोणीही काही न बोलता पुढे ठेवलेले सूप मुलांनी कालांतराने अधिक घेतले, आणि लकडा लावलेल्या सूपाविषयी ती अधिक कुरकुरली. आमिषाचीही हीच कथा. त्याच बर्चबाईंच्या १९८४ च्या प्रयोगात एक पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस मिळाले त्यांची त्या पेयाविषयीची आवड वाढण्याऐवजी कमी झाली. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ असे म्हणताना आपण मुलाच्या मनात पक्के बसवत असतो की भाजी हा भोगण्याचा दंड आहे आणि चॉकलेट ही त्यातून सुटका. आता आमिषाच्या जागी मोबाईल आला आहे. पडद्यावरच्या चित्रांत हरवलेले मूल यंत्रवत तोंड उघडते, ताटली संपते आणि घरात समाधान पसरते. परंतु त्या मुलाला आपण काय खाल्ले याची चव कळलेली नसते आणि पोट भरल्याची खूणही उमगलेली नसते. दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे, ते जेवणाच्या वेळेलाही लागू आहे.

सक्तीचा जो अखेरचा प्रकार, मुलाला मांडीवर आडवे पाडून, हात धरून, क्वचित नाक दाबून घास कोंबण्याचा, त्याविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. रडणारे मूल श्वास आत खेचते, आणि त्या क्षणी तोंडात असलेले अन्न श्वासनलिकेत उतरू शकते. यात जिवाला धोका आहे. तो प्रकार कोणत्याही घरात, कोणत्याही सबबीखाली होता कामा नये.

येथे एक न्याय्य आक्षेप उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे, तेथे ‘सक्ती करू नका’ हा उपदेश खात्यापित्या घरांसाठीच नव्हे काय? अमेरिकेतील चिंता मुले लठ्ठ होण्याची, आपली चिंता ती सुकण्याची. मग तेथील मापे येथे कशी लावावी?

या आक्षेपाचे उत्तर आपल्याच देशातून मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शहनाज वझीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्याच्या साठ खेड्यांत एक दीर्घ चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मूल तीन महिन्यांचे असल्यापासून पंधरा महिन्यांचे होईपर्यंत काही खेड्यांतील मातांना घरी जाऊन पूरक आहाराविषयी शिकवले गेले, आणि त्यांतील एका गटाला त्याबरोबरच मुलाच्या खुणा ओळखून, त्याच्याशी बोलत, धीराने भरवण्याचे व त्याच्याशी खेळण्याचेही शिक्षण दिले गेले. शिकवणीने मुलांचा आहार सुधारला, आणि ज्या गटात खुणा ओळखून भरवण्याची जोड होती तेथील मुलांची बौद्धिक प्रगतीही अधिक झाली. हे गरीब, ग्रामीण, आपल्यासारखेच भातावर जगणारे लोक होते.

गरीब घरातील उणीव बहुधा सक्तीच्या विरुद्ध टोकाची असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. आई लावणीला किंवा काजूच्या कारखान्यात गेलेली, मूल पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन, सर्वांच्या एकाच ताटात त्याचाही हात. त्याने किती खाल्ले याकडे लक्ष द्यायला कोणीच मोकळे नाही. अशा मुलाला स्वतःची वेगळी वाटी हवी, समोर बसणारे माणूस हवे, ‘बघ, किती छान लागते’ असे म्हणणारा आवाज हवा, आणि थांबल्यावर क्षणभर वाट पाहून पुन्हा एकदा घास पुढे करणारा हात हवा. हे उत्तेजन आहे. त्याला जुलूम म्हणता येणार नाही. दोहोंमधील सीमारेषा मुलाच्या चेहऱ्यावरच उमटलेली असते: त्याने मान फिरवली, ओठ मिटले, घास थुंकला, हाताने ताटली लोटली की रेषा आली. पुन्हा एकदा विचारावे, आणि त्यानेही तोच कौल दिला तर ताटली उचलावी.

आणि ती उचलल्यावर आपल्या हाती काय उरते? माझ्या मते, सगळ्यात मोठे काम तेथेच सुरू होते. कारण मूल चार घासच खाणार असेल तर त्या चार घासांत काय आहे याला महत्त्व येते. लहान मुलाच्या जठराची एका वेळची क्षमता दर किलो वजनामागे सुमारे ३० ग्रॅम धरतात. म्हणजे दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका बैठकीला तीनशे ग्रॅमच्या आसपास मावते. आपल्याकडची उकड्या तांदळाची पातळ पेज ही आजाऱ्याला आणि उन्हातून आलेल्या माणसाला अमृतासारखी असली, तरी तिने हे इवलेसे पोट पाण्याने भरून जाते आणि सत्त्व थोडकेच पडते. मग आई म्हणते, वाटीभर पेज प्यायला तरी अंग धरत नाही. त्याला दुसरी वाटी पाजण्याचा खटाटोप करण्याऐवजी पहिलीच वाटी घट्ट करावी. तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवून केलेली आटवल, तीत चमचाभर तूप किंवा खोबरेल. त्या एका चमच्याने सुमारे ४५ किलोकॅलरींची भर पडते आणि वाटीचा आकार मात्र वाढत नाही. स्तनपान चालू असलेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाकाठी साधारण ५५० किलोकॅलरींची गरज असते, हे लक्षात घेतले तर असे तीन-चार चमचे किती मोठा भार उचलतात हे कळेल.

नाचणीची गोष्ट तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कित्येक पट. मात्र नुसत्या नाचणीच्या पिठाची खीर शिजली की दाट गोळा होते, आणि ती मुलाला गिळता यावी म्हणून पाणी घालत गेले की पुन्हा पेजेचाच न्याय. यावरचा तोडगा आपल्या आज्यांना ठाऊक होता आणि १९८० च्या दशकात बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी त्यामागील शास्त्र दाखवून दिले: धान्याला मोड आणले की त्यात पिष्टाचे तुकडे करणारे विकर तयार होते, आणि अशा मोडाच्या पिठाची चिमूट दाट खिरीत मिसळली की ती पातळ होते, सत्त्व मात्र तेवढेच राहते. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून केलेले पीठ डब्यात असले की लहान पोटाची अडचण पुष्कळशी सुटते. शिवाय आपण समुद्राच्या काठची माणसे. काटे नीट काढलेला मुडदुशी माशाचा मऊ तुकडा, स्वस्त मिळणारी तारली, घरच्या कोंबडीचे अंडे, कुळथाची पिठी, किसलेले ओले खोबरे, वेलची केळे. बाजारातील रंगीत डब्यांतून विकल्या जाणाऱ्या पावडरींनी आपल्या आयांच्या मनात जी न्यूनतेची भावना पेरली आहे ती पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण या मुलुखातील परसात आणि बंदरावर जे मिळते ते त्या डब्यांहून अधिक मोलाचे आहे. अख्खे शेंगदाणे, चणे आणि खोबऱ्याचे तुकडे मात्र या वयात देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. कुटून किंवा वाटून द्यावेत.

नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणून तो कायमचा बाद करू नये. दोन वर्षांच्या सुमारास मुलांना अनोळखी अन्नाविषयी साशंकता वाटू लागते, आणि आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, काहीही न बोलता पुढे आलेला पदार्थ ती हळूहळू आपला मानतात.

भुकेला वेळही मिळाला पाहिजे. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, दहा वाजता केळ्याचे वेफर, दुकानावर गेल्यावर काकांनी हातात दिलेला पुडा, आणि मूल जेवले नाही म्हणून झोपताना बाटलीभर दूध. या साऱ्या वाटणीनंतर जेवणाच्या वाट्याला भूक उरत नाही. दुधाचा तर विशेष विचार व्हावयास हवा, कारण आपण दुधाला पूर्णान्न मानतो आणि ‘जेवत नाही, पण दूध तरी पिते’ यात समाधान शोधतो. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध गेले तर ते इतर अन्नाची जागा घेते, आणि दुधात लोह नगण्य असते. लोह कमी पडले की मूल फिकट होते, चिडचिडते, आणि त्याची भूक मंदावते. मग आई आणखी दूध देते. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, असे उपरोक्त पाहणीच सांगते. अंगणवाडी आणि आशाताईंमार्फत मिळणारे लोहाचे औषध, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, आणि जंतनाशकाची गोळी, या दोन गोष्टी भुकेच्या दृष्टीने शंभर आर्जवांहून गुणकारी आहेत, आणि घरोघरी फळीवर बंद बाटली तशीच पडलेली आढळते.

आणि जेवण मुलाच्या हाताने व्हावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम आरंभले आणि पुढे अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर ज्याला आयुष्य वाहिले, त्याच्या मुळाशी माँटेसरीबाईंचे हे तत्त्व होते की मूल जे स्वतः करू शकते ते आपण त्याच्यासाठी करणे हा त्याच्या वाढीतील अडथळा आहे. दीड वर्षाचे मूल भात कुसकरते, अर्धा सांडते, केसांना लावते, आणि उरलेला तोंडात घालते. सारवलेल्या जमिनीवर सांडलेली शिते कोंबड्या टिपतील; परंतु त्या मुलाला स्वतःच्या हाताने भूक भागवण्याचा जो प्रत्यय आला तो भरवून देता येत नाही. पिंगुळीच्या राऊळ महाराजांच्या मठात महाप्रसादाच्या पंगतीला मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली लहान मुले पाहावीत. घरी भातावरून रुसणारे पोर तेथे शेजारच्याचे पाहून निमूट जेवते. घरीही त्याला सर्वांबरोबर पाट मिळावा. आधी त्याला उरकून टाकण्याची घाई नसावी.

मग मूल पुरेसे खाते की नाही, हे कळावे कशाने? ताटलीवरून नव्हे, वजनकाट्यावरून. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचे सर्वांत मोठे देणे, माझ्या मते, महिन्याच्या महिन्याला मुलाचे वजन करून नोंदवण्याची शिस्त हे आहे. माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात टिंबे जोडत गेली की एक रेषा तयार होते. ती रेषा छापील वक्राला समांतर वर चढत असेल, तर मूल बारीक असो वा गुटगुटीत, ते पुरेसे खाते आहे. शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करण्याचे कारण नाही. आईबाप स्वतः शिडशिडीत असतील तर मूलही तसेच असणार, आणि नेमक्या अशाच मुलांच्या मागे घास घेऊन सर्वाधिक धावाधाव होते. परंतु रेषा दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर मूल ताटली संपवत असले तरी चौकशी केली पाहिजे. आलेख घरात ट्रंकेच्या तळाशी पडून असेल तर तो बाहेर काढावा, आणि अंगणवाडीताईने वजन केल्यावर टिंब कोठे पडले ते आईने नव्हे, आजीने विचारावे. घरातील निर्णय बहुधा तिच्या हाती असतो, म्हणून माहितीही तिच्या हाती असली पाहिजे.

नकार आणि आजार यांतील फरकही ओळखावा लागतो. ताप किंवा जुलाब असता भूक जाते. तेव्हा अंगावरचे दूध, थोडे थोडे आवडते मऊ अन्न वारंवार द्यावे, आणि बरे झाल्यावर भूक उसळी घेते, तेव्हा निदान दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे. गिळताना ठसका लागत असेल, वर्ष उलटूनही घट्ट काहीच चालत नसेल, पदार्थांची यादी वाढण्याऐवजी आकसत चालली असेल, दोन्ही पावलांवर सूज दिसत असेल किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठण्यात विलंब करू नये.

अशा तीव्र कुपोषित मुलाला घरच्या देखरेखीखाली बरे करावयाचे की रुग्णालयात दाखल करावयाचे, हे ठरवण्यासाठी जी भुकेची चाचणी घेतात तिची पद्धत प्रत्येक आजीने एकदा डोळ्यांनी पाहावी असे मला वाटते. शांत जागी आईच्या मांडीवर मूल बसते. हात धुतलेले असतात. पोषक लगदा आई बोटाने त्याच्या तोंडाशी नेते, पाणी पाजते, गोंजारते, थांबते, पुन्हा देऊन पाहते. कोंबण्यास सक्त मनाई असते, कारण कोंबले तर चाचणीच रद्दबातल होते. मुलाने आपखुशीने ठरलेले प्रमाण खाल्ले तर ते औषधे घेऊन आईबरोबर घरी जाते, आणि त्याने खाल्ले नाही तर वैद्यक त्याच्या त्या नकारावर विश्वास ठेवून त्याला खाटेवर दाखल करून घेते.